ओझर, जाऊन येऊन

कंपनी म्हणते, एका चार्जिंगमध्ये पस्तीस किलोमीटर.
कंपनीचा माणूस पंचावन्न किलोचा असावा,
वारा कायम पाठीमागून, रस्ता स्वर्गातला.
माझ्या वजनाला, जेल रोडच्या खड्ड्यांना
अठ्ठावीस.
वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
त्यातली एकही माझी नव्हती.
ही सायकल माझी.
एकसष्टाव्या वर्षी पहिली कोरी गाडी,
आधीच्या सगळ्या कुणीतरी वापरून सोडलेल्या.

पहिल्याच आठवड्यात मनगटांना मुंग्या,
आणि बुडाचं तर विचारूच नका.
सीट बघून बायको म्हणाली,
"हा काय अडकित्ता आहे का?"
मग द्वारकेच्या मागे, इद्रिसकडे
दूधवाल्याच्या सायकलची रुंद सीट मिळाली, स्प्रिंगांची.
बसलं की कुईं करते,
पण मणका गप्प राहतो.
हँडल चार बोटं वर घेतलं.
इद्रिस लांबून बघत म्हणाला,
"काका, आता फौजदार दिसताय."

टायर जाड घातले, हवा थोडी कमी ठेवली.
रेंज दोन किलोमीटरनं घसरली.
हवा भरली, पाठ ओरडली.
जितकं सुखानं बसाल
तितकं जवळ पोचाल.
मधला आकडा सापडेपर्यंत
पितृपक्ष संपून दिवाळी आली.

ओझर सव्वीस. जाऊन येऊन बावन्न.

"तिथं घरात प्लग नाही का?" इद्रिसनं विचारलं.
"दोन तास लावा, चहा प्या, या परत."
तेच तर नको होतं.
थोरला भाऊ आहे तिथं, रंगनाथ,
विमानाच्या कारखान्यातून रिटायर.
आईच्या तेराव्याला कपाटाच्या किल्लीवरून बोलाचाली झाली,
त्याला अकरा वर्षं.
परवा कळलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं.
बघून यावं, एवढंच.
प्लग मागितला की बसावं लागतं,
बसलं की जेवावं लागतं,
आणि वरणभात कालवता कालवता
कोणीतरी किल्लीचं काढतं.

म्हणून दुसरी बॅटरी.
इद्रिसनं एकेक सेल मीटरवर तपासून चाळीस निवडले,
मटकी निवडावी तसे.
कॅरिअरला लावायची पिशवी बायकोनं शिवली,
लुनाच्या जुन्या रेक्झिनची.
शिवताना एकदाच विचारलं,
"मोसंबी मावतील एवढी जागा ठेवू?"
मी हो म्हणालो नाही. तिनं ठेवली.

सकाळी सहाला निघालो.
दसकचा पूल, नांदूर नाका, जत्रा चौफुली.
आडगावनंतर वारा समोरून,
असिस्ट एकवर आणलं, पाय मारत राहिलो.
ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे गेले,
सीट कुईं कुईं करत होती.
दहाव्या मैलाला पहिल्या बॅटरीची एक दांडी शिल्लक.
माझा हिशेब चुकलेला नव्हता.

काळा चष्मा लावून तो फाटकात उभा होता.
माझ्याकडे बघितलं नाही, सायकलकडे बघितलं.
वाकला. वायरवरून बोट फिरवलं.
"हा जोड कोणी मारला?
नुसती टेप गुंडाळलीय. विमान असतं तर खाली आलं असतं."
मग वायरशीच बोलल्यासारखं,
"चार्जिंग किती उरलं?"

दुसरी बॅटरी काठोकाठ भरलेली होती,
अजून हातही लावला नव्हता तिला.

"संपलं," मी म्हणालो.

मोसंबी काढायला पिशवीत हात घातला
तर तळाशी चार्जर.
मी ठेवला नव्हता.

रंगनाथ आतून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला,
पायरीवर बसला, चाचपत पिन खुपसली.
लाल दिवा लागला, विझला, लागला.
"सॉकेट ढिलं झालंय," तो म्हणाला,
"दाबून धर."

मी त्याच्या शेजारी बसलो
आणि दाबून धरलं.